काकांचं ऑलमोस्ट

आमचे काका सुतार. इंग्रजीचा एकच शब्द त्यांच्या तोंडात पक्का बसला होता, ऑलमोस्ट, आणि तो ते रंध्यासारखा कशावरही फिरवत. गिऱ्हाइकाला 'ऑलमोस्ट झालंय' म्हणाले की समजावं, लाकूड अजून वखारीतच आहे. काकूला 'ऑलमोस्ट निघालोच' म्हणाले की तिने खुशाल जेवून घ्यावं. मी गणितात नापास झाले तेव्हा घरात खूश एकटे तेच. "अगं, ऑलमोस्ट पास की!" पुढे मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, पण हा अर्थ मला कुठल्याही डिक्शनरीत सापडला नाही.

काकूचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी तिच्यासाठी खुर्ची करायला घेतली. वर्षं गेली, खुर्ची ऑलमोस्टच. मग काकांनाच झटका आला. हातपाय वाचले, पण मन उडालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले, उठले नाहीत तर कायमचे अंथरुणाला खिळतील. पण ऐकतंय कोण!

शेवटी काकू वैतागली. तिने काकांच्या दुकानातून ती अर्धवट खुर्ची घरी आणवली. बघते तर एका बाजूचा हात नुसताच खाचेत अडकवलेला. तिने मागच्या गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्याने तो हात चिकटवायला सरसाचा डबा उघडला आणि आतून आवाज आला, "शिवू नकोस तिला!"

काका भिंत धरून दारात उभे.

"मग काय, जन्मभर अशीच ठेवू?" काकू म्हणाली.

"तू बसल्याशिवाय कशी पक्की करू? कोपर कुठे टेकतं ते बघायला नको? किती वेळा म्हटलं, दुकानात ये, जरा बस."

खरंच होतं. माणूस बसवून बघितल्याशिवाय काका खुर्चीला हात जोडत नसत. आणि काकू दर वेळी त्यांचाच शब्द त्यांच्या तोंडावर फेकायची, "येते हो, ऑलमोस्ट आवरलंय."

आता ती खुर्चीत बसली. काकांनी पेन्सिल मागितली. खूण वाकडी आली. "उद्या बघू," म्हणाले, आणि खरंच दुसऱ्या दिवशी उठले. रोज थोडं थोडं करत खुर्ची पुरी झाली.

"कशी आहे?"

काकू डोळे मिटून रेलली. "ऑलमोस्ट बरी."

"म्हणजे? काय राहिलंय?"

"ते तुम्ही शोधा. उद्या उठून बघा जरा."

राहिलं काहीच नव्हतं. मला ठाऊक आहे, ती खुर्ची आता माझ्याकडेच असते.