वेर्दिक्यो आणि अळूवडी

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या एका वाइनच्या दुकानात शोभना लिमये सहा महिने वेर्दिक्यो ही इटालियन पांढरी वाइन विकत होती, आणि तिने जन्मात तिचा एक थेंब चाखला नव्हता. पन्नाशीला टेकल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी. आपण वाइन पीत नाही, एवढं मुलाखतीत सांगायचं ती विसरली. विसरली कसली, गिळून टाकलं.

मालकीणबाई फ्राउ केलरमान यांना वाटे, हिची जीभ भलतीच तयार आहे. शोभना ग्लास नाकाशी धरी आणि पाठ केलेलं म्हणे: लिंबाची साल, हिरवं सफरचंद, शेवटाला कडू बदाम; मासे, तळलेलं, खारट यांच्यासोबत उत्तम. उंटावरून शेळ्या हाकायच्या, पण काय सफाईने! गिऱ्हाइकं बाटल्या उचलत.

प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीची चाचणीची मुदत, संपायला दोन दिवस असताना बाईंनी शनिवारी वीस गिऱ्हाइकांना चव घ्यायला बोलावलं. "वेर्दिक्योबरोबर तुमच्याकडचं काहीतरी तळलेलं करा," त्या म्हणाल्या.

"अहो, पितळ उघडं पडलं म्हणजे?" तिने घरी नवऱ्याला विचारलं.

"एक घोट घेऊन बघ की," श्रीनाथ म्हणाला. "औषध समज."

"मी औषधाच्या दुकानात नाहीये."

तिने अळूवडी केली. चिंच घातली, गूळ सढळ हाताने घातला. देवाला दाखवल्याशिवाय काही जिभेवर ठेवायचं नाही ही माहेरची शिस्त. नैवेद्य झाला, आणि डबे भरण्याच्या घाईत स्वतः खायचं राहिलंच. खाल्ली असती तरी तिला छानच लागली असती म्हणा.

दुकानात पहिल्याच टेबलावरच्या निवृत्त गृहस्थांनी वडी खाल्ली, वर घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला. शेजारच्या बाईंनीही तेच केलं. वाइन बिघडली आहे, असं कोणीतरी हळूच म्हणालं. फ्राउ केलरमान यांनी नवी बाटली उघडली, तरी तीच तऱ्हा. मग त्यांनी स्वतः वडी खाऊन घोट घेतला आणि शोभनाला मागच्या खोलीत नेलं.

"वडी गोड आहे. गोडावर ही वाइन नुसती आंबट लागते. दोन्ही एकत्र चाखलं नाहीत?"

खोटं सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही. "वाइन मी कधीच चाखलेली नाही," शोभना म्हणाली. "या सहा महिन्यांतही नाही."

शोभनाला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"तुमचा कायमच्या नोकरीचा करार मी लिहून ठेवलाय," बाई म्हणाल्या. "आल्झो, म्हणजे असं बघा, न पिणारी माणसं मला चालतात. न चाखता छातीठोक बोलणारी चालत नाहीत. घरी जायचं असेल तर जा, माझा राग नाही." त्यांनी वडी आणि ग्लास टेबलावर ठेवला.

बाहेर वीस माणसं तिच्यामुळे तोंडं वाकडी करून बसली होती. तिने वडीचा तुकडा खाल्ला, एक घोट घेतला. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. एवढं गुणवान म्हणून ती जे विकत होती, ते तिनेच नासवलं होतं.

तिने नळावर खळखळून चूळ भरली आणि ग्लास पुढे केला.

"ही चव माझ्या गुळाची झाली," ती म्हणाली. "आता वडीशिवाय द्या."