गाण्यामागे धावणारे मास्तर

पेटीवाल्या मास्तरांचा सगळा जन्म दुसऱ्याच्या मागे गेला. गाणारा पुढे, हे मागे. तो घाईत असला की यांची बोटं घाई करायची, तो रेंगाळला की ती रेंगाळायची. तो चुकला तरी हे असं सांभाळून घ्यायचे, की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. लोक त्यांना ‘सावली’ म्हणत. मास्तरांना त्याचं वाईट वाटत नसे. सावलीला कुणी दगड मारत नाही.

शाळेतही तेच. गाण्याच्या बाई मुलांपुढे, मास्तर खिडकीशी. पण बाई लेकीकडे राहायला गेल्या, आणि मोठ्या बाईंनी पहिलीचा तास मास्तरांच्या गळ्यात बांधला.

“महिनाअखेर मी येऊन बसेन. जमलं तर ठीक, नाहीतर तो तास गणिताला. मग पेटीचंही इथे काम उरणार नाही.”

घरी बायको म्हणाली, “अहो, एवढीएवढीशी पोरं ती. खातात का काय?”

“तू पाहिलं नाहीस. सगळी एकदम माझ्याकडे बघतात.”

“बघू देत. तुम्ही खाली बघा, नेहमीसारखे.”

मास्तर खाली बघूनच शिकवू लागले. हाताला इतका घाम, की पेटीच्या पट्ट्यांवरून बोटं घसरत. गाणं बेडकाच्या हरवलेल्या बुटाचं होतं. पहिली ओळ बरी जायची. दुसरीला टाळ्या पळू लागायच्या, तिसरीला पोरं किंचाळायची, आणि बूट सापडेपर्यंत सगळा वर्ग बाकांवर चढलेला असायचा. रोज तेच. महिना सरत आला तशी मास्तरांची झोप उडाली.

“पोरांना लयच नाही गं,” ते बायकोला म्हणाले.

कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, “वाजवा बघू. मी म्हणते.” तिने सुरुवात केली, आणि मध्येच सुसाट सुटली. मास्तरांची बोटंही सुटली. ती एकदम थांबली.

“मी मुद्दाम पळाले. तुम्ही का पळालात?”

“तू गात होतीस ना!”

बोलले, आणि त्यांच्या लक्षात आलं. पोरं थोडी पळत होती, मास्तर त्यांना गाठत होते, म्हणून पोरं आणखी पळत होती. म्हणजे आता जागेवर राहायचं. एवढ्या पोरांनी ओढलं तरी. हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. मास्तरांनी गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला टाळ्या पळाल्या. बोटं शिवशिवली. त्यांनी दात आवळून ती रोखली. गाणं पुढे गेलं, पेटी मागे राहिली, आणि कानाला सोसवेना असा गोंधळ उडाला.

“मास्तर, तुम्ही हरलात!” एक मुलगी ओरडली. वर्ग खिदळला.

मास्तरांनी मान वर केली. सगळे डोळे त्यांच्यावर होते.

“मी इथेच आहे,” ते कसेबसे म्हणाले. “तुम्ही परत या.”

मग पायाने ठेका धरून ते स्वतः गाऊ लागले. आवाज बारीक, थरथरता, एकटा. ओळ संपता संपेना. आधी ओरडलेली मुलगी परतली, मग तिची शेजारीण, मग बाकीचे. पुढच्या ओळीला पोरं पुन्हा पळाली, मास्तर पुन्हा जागेवर राहिले. घंटा झाली तेव्हा बेडूक अनवाणीच होता.

पोरं गेल्यावर मोठ्या बाई उठल्या. “गाणं पुरं झालं नाही.”

“नाही.”

“रोज पुरं होतं. माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतं, कुठे आग लागल्यासारखं.” त्या दारापर्यंत गेल्या. “चालू ठेवा तास. आणि उद्यापासून दुसरीही घ्या.”

मास्तर “बरं” म्हणाले. बाई गेल्यावर मात्र त्यांनी पेटी पुन्हा पुढे ओढली, आणि बेडकाला बूट सापडेपर्यंत गाणं एकट्यानेच, सावकाश पुरं केलं.