पिंजऱ्यातली माती बदलायला लावणाऱ्या मोहिते मॅडम

डॉ. निर्मला मोहिते मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या माकडांच्या रिकाम्या पिंजऱ्यात उकिडव्या बसून चिमट्याने विष्ठा बाटलीत भरत होत्या. सांगलीजवळच्या आमच्या लहानशा प्राणिसंग्रहालयात मी साहाय्यक पशुवैद्य म्हणून नुकताच रुजू झालो होतो. सफाईच्या नव्या बाई समजून मी त्यांना बादली बाहेर ठेवायला सांगितले. त्यांनी ती ठेवली आणि मग आपले नाव सांगितले. साताऱ्याहून बोलावलेल्या तज्ज्ञ त्याच होत्या. मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत असताना त्या फजितीची कबुली या गौरवग्रंथात देऊन टाकतो.

त्यांना बोलावण्याचे कारण गंभीर होते. आमची बारा माकडे खात असूनही खंगत चालली होती. केळी आणि शेंगदाणे घरी नेतो, असा संशय महादेव या राखणदारावर होता. महादेव आटपाडीकडचे, पन्नाशीचे, अबोल गृहस्थ. त्यांना कामावरून काढायचे, असे अधीक्षकांनी जवळजवळ ठरवलेच होते. मॅडमनी कोणाचीच बाजू न घेता महादेवांना समोर बसवून माकडे काय खातात, कशी शौचाला जातात, हे तासभर विचारले. शेवटी महादेव म्हणाले, "मॅडम, आमी ह्यांच्या तोंडचं कवा काढलं न्हाई."

मॅडमनी बाटली उजेडात धरून दाखवली. विष्ठेत पांढऱ्या फितीसारखे तुकडे होते. ते पट्टकृमीचे होते. माकडांच्या पोटातले अन्न हे जंत खात होते. अधीक्षकांनी त्याच दिवशी महादेवांची माफी मागावी, असा मॅडमनी आग्रह धरला आणि ती मागितली जाईपर्यंत त्या कार्यालयातून उठल्या नाहीत.

गूळ-केळ्यातून औषध दिले. माकडे तरतरीत झाली. आम्ही निर्धास्त झालो, पण दोन-अडीच महिन्यांनी तेच तुकडे पुन्हा दिसले. यावेळी गौरी नावाची मादी आधीच अशक्त होती. औषध देऊनही ती वाचली नाही. शवविच्छेदन मॅडमनी स्वतः केले. महादेव दाराशी उभे होते. हात धुऊन मॅडम त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "औषध बरोबर होतं, महादेव. मी जमीन बघितली नाही. उशीर माझ्यामुळे झाला."

महादेव म्हणाले, "आवं, तुमी आला नसता तर मी घरी बसलो असतो."

उशीर आपल्यामुळे झाला, हे वाक्य मॅडमनी अहवालातही लिहिले. ते गाळावे, असे मी सुचवले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि कागद तसाच पुढे पाठवला. माझ्या नोकरीतला तो सर्वांत मोठा धडा.

दोष मातीत होता. विष्ठेतली जंतांची अंडी मातीतले बारीक किडे खातात आणि गवत-माती चिवडताना माकडे ते किडे गिळतात. पिंजऱ्यातली वीतभर माती काढून नवी टाकायला हवी होती. अधीक्षक का-कू करू लागले. मॅडम दुसऱ्या सकाळी साडीचा पदर खोचून, फावडे घेऊन पिंजऱ्यात उतरल्या. दहा मिनिटांत आम्ही सगळेच उतरलो. पुढे वर्षभर दर महिन्याला तपासणी झाली. एकही तुकडा सापडला नाही.

त्या तपासणीसाठी मॅडमनी महादेवांना सूक्ष्मदर्शकातून अंडी ओळखायला शिकवले. उंब्रजच्या, सैन्यातल्या सुभेदारांची ही मुलगी स्वभावाने करडी. चुकीची काचपट्टी ठेवली की महादेवांनाही ओरडा बसे, मलाही. पण सांगलीच्या एका सभेत हे काम मांडताना त्यांनी स्वतःच्या आधी महादेवांचे नाव घेतले आणि त्यांना उभे केले. महादेवांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

निवृत्तीनंतर मॅडम मलकापूरला राहतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, तरी धनगरांच्या शेळ्या तपासायला त्या बांधावर जातात. डॉक्टरांनी उकिडवे बसायला मनाई केली आहे, ती त्या पाळत नाहीत, हे मी या ग्रंथात मुद्दाम नोंदवतो. मॅडम, गुडघ्यांना जपा. तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आमच्या अहवालांत अजून चुका निघतात आणि त्या न रागावता दाखवणारे पुष्कळ सापडतात. रागावून दाखवणाऱ्या मात्र तुम्ही एकट्याच आहात, आणि आम्हाला तुम्हीच हव्या आहात.