लेझरने कापलेलं कमळ

बाळांनो, मागच्या दिवाळीतल्या माझ्या रांगोळीचा फोटो तुम्हाला आवडला ना? ती कशी निघाली ते सांगते.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या दारात पाडव्याची रांगोळी पहिल्यापासून मीच काढते. पण अलीकडे हात थरथरतो. फोटोतल्या रांगोळीच्या आदल्या वर्षी रेघ अशी वळवळली की समोरच्या सूनबाई म्हणाल्या, "काकू, पुढच्या वेळी स्टिकर आणू या का?"

"आणा ना, तुमच्या दाराला," मी म्हटलं. पण मनातून घाबरले. एकदा स्टिकर चिकटला की माझी रांगोळी कायमची संपली.

म्हणून फरशीवर ठेवून वरून रांगोळी भरायचा छाप करून घ्यायचं ठरवलं. आलेखाच्या कागदावर कमळ आखलं, पाकळीच्या आत पाकळी. टिकाऊ हवा म्हणून स्टीलचं ताट घेऊन येरवड्याच्या लेझरवाल्या भाईंकडे गेले. पूर्वी ते दुकानांच्या पाट्या रंगवत.

"मावशी, ताट जेवायला ठेवा. हा कार्बन डायऑक्साइडचा लेझर. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, कापड कापतो. चकचकीत स्टीलवरून नुसता परत फिरतो."

मग पातळ प्लायवूड घेतलं आणि भाईंना बजावलं, मी आखलेल्या रेघेवरूनच कापा, तिला हात लावायचा नाही. काचेच्या नळीतल्या वायूतून निघणारा तो किरण दिसतच नाही. दिसते लाकडावर सरकणारी ठिणगी आणि तिच्यामागची काळपट रेघ. खोलीभर होळीचा वास. इतकी स्थिर रेघ बघून मला चक्क हेवा वाटला.

यंत्र थांबलं. भाईंनी फळी उचलली आणि सगळ्या पाकळ्या खडखडत खाली पडल्या. हातात उरलं एक मोठं भोक.

"अहो, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात, रेघेला हात लावायचा नाही!"

दोघंही हसत सुटलो. दुसऱ्या फळीवर त्यांनी रेघांच्या जागी फटी कापल्या आणि मधेमधे लाकडाचे छोटे पूल ठेवले, पाकळ्या धरून राहायला.

पाडव्याला सकाळी फटींत रांगोळी भरून छाप उचलला, तर प्रत्येक पुलाखाली फरशी कोरी. कमळ तुटक. खाली बसले आणि चिमटीने एकेक जागा सांधत गेले. एवढ्याशा रेघेत हाताला थरथरायला वेळच मिळत नाही.

"काकू, छापाची का?" सूनबाई डोकावल्या.

"अर्धी. बसा, ती पाकळी तुम्ही जोडा."

बसल्या. त्यांची रेघ चांगलीच वाकडी गेली. सणाचा दिवस होता, म्हणून स्टिकरची आठवण न काढता मी पुढची पाकळीही त्यांनाच दिली.