नदी वळवून शहर घेतलं तेव्हा

इराकवर बॉम्ब पडू लागले तेव्हा आम्ही दुबईजवळ अजमानला राहायचो. समोरच्या फ्लॅटमध्ये एक इराकी जोडपं होतं. त्यातली बायको माझ्याच शाळेत गणित शिकवायची, मी इतिहास. तिचं गाव हिल्ला. धाकटी बहीण अजून तिथेच, नदीकाठच्या घरात. युद्ध सुरू झालं आणि फोन लागेना. शाळेतून आली की ती टीव्हीसमोर बसून रिडायल दाबत राहायची.

त्याच आठवड्यात दुबईतल्या अल बर्शा भागात एका सभासदाच्या व्हिलात आमच्या मराठी मंडळाचं व्याख्यान होतं. विषय, प्राचीन जगातल्या कमांडो कारवाया. वक्ते मुंबईचे, कंपनीतून निवृत्त झालेले, लढायांचे शौकीन. स्लाइड्समध्ये बाबिलोन आहे असं मी तिला सांगितलं, आणि कित्येक दिवसांनी तिचा चेहरा उजळला.

"बाबिल? अगं, ते आमच्या गावाला लागूनच! शाळेची सहल तिथेच जायची. मी येऊ? भाषा नाही कळली तरी चित्रं बघेन."

माझा नवरा आणि मुलगी पुढे बसले, आम्ही दोघी मागच्या रांगेत. आधी इजिप्तच्या एका सेनापतीची गोष्ट झाली. त्यानं भेटीच्या टोपल्यांत सैनिक दडवून वेढलेल्या शहरात पाठवले होते. टाळ्या पडल्या. मग पडद्यावर बाबिलोनच्या विटा आल्या. तिनं माझा हात दाबला. "इथे मी फोटो काढलाय," ती कुजबुजली.

वक्ते रंगात आले होते. शत्रूनं वरच्या अंगाला नदी वळवली, पाणी मांडीपर्यंत उतरलं, निवडक सैनिक पात्रातून चालत आत शिरले. "आणि आत काय चाललं होतं? पार्टी!" त्यांनी दारू पिऊन झोकांड्या खाणाऱ्या बाबिलोनकरांची नक्कल केली. सगळे खो खो हसले. "आजही टीव्ही लावून बघा. हजारो वर्षं झाली, पण ही मंडळी काही जागी होत नाहीत!" पुन्हा हशा.

"का हसतायत?" तिनं विचारलं.

काहीतरी थाप मारावी असं मनात आलं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तिच्यापुढे खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "नदीकाठच्या घरांत कोण झोपलं होतं, ते विचार त्यांना."

मी उठले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"सर, या बाई बाबिलोनजवळच्याच आहेत. त्यांची बहीण आज तिथे आहे, जिवंत आहे की नाही ते माहीत नाही. त्या विचारतायत, सैनिक आत शिरले तेव्हा काठावरच्या घरांत कोण होतं?"

वक्ते ओशाळं हसले. "मॅडम, आपला विषय लष्करी डावपेचांचा आहे. भावना जरा बाजूला ठेवू या."

"नक्कल करून हसवलंत, ते कुठल्या डावपेचात बसतं?"

मंडळाचे अध्यक्ष लगबगीनं आले. "वहिनी, प्रश्न शेवटी घेऊ. बसा ना. जेवण गार होतंय."

जेवण! चाळीसेक शिकलेली माणसं समोर होती. त्यातल्या एकानंही मान वर केली नाही. ज्या बाईवर हसले तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी तिचा हात धरून बाहेर पडले.

गाडीत नवरा म्हणाला, "तुझं बरोबर आहे गं, पण चारचौघांत? उद्या फोन करून सॉरी म्हण, म्हणजे खलास."

"मी? त्यांनी म्हणावं!"

"शी इज राइट, बाबा," मागून मुलगी म्हणाली. शेजारीण खिडकीबाहेर बघत होती.

पुढे बऱ्याच दिवसांनी बहिणीचा फोन आला. ती आणि मुलं वाचली होती. तिचे सासरे मात्र बॉम्ब पडला तेव्हा अंगणात होते, ते गेले. शेजारणीनं हे मला आमच्या दारात उभं राहून सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं.

मंडळाच्या अध्यक्षांचाही फोन आला होता. मला वाटलं, शेजारणीची चौकशी करतील. ते म्हणाले, "पाहुणे दुखावलेत, वहिनी. माफीचे दोन शब्द कळवलेत तर बरं होईल." मी फोन आपटला. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच वक्त्यांना पुन्हा बोलावलं. लोकांना फार आवडलं होतं म्हणे.