चामखिळीचा हात

आष्टीला राहायचो तेव्हा मी पाचवीत होते आणि माझ्या उजव्या हातावर सात चामखिळी होत्या. आकडा पक्का, कारण मी त्या रोज मोजायचे. सगळ्यांत मोठी अंगठ्याच्या नखाजवळ होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी आणि खरखरीत. वडील शाळेत शिकवायचे, त्यांचं भिंग घरी असे. त्यातून बघितलं की तिच्यात काळे ठिपके दिसायचे. ते काय असतील, याचा मला ध्यास लागला होता.

आईचं निदान तयार होतं. "चांदण्या मोजल्या असशील. मोजू नको म्हणलं तर ऐकती का तू?"

मोजल्या होत्या, खोटं कशाला बोलू? पण भावाने माझ्यापेक्षा जास्त मोजल्या होत्या आणि त्याचे हात तुळतुळीत होते.

उपाय मात्र धडाधड सुरू झाले. बाजारच्या दिवशी टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस मागून आणला. आईने तो मोठ्या चामखिळीच्या मुळाशी करकचून बांधला. दुसरीवर चुना आणि खायचा सोडा. तिसरीवर शेजारच्या काकूंनी रुईचा चीक लावला. चौथीला मी कुणाला हात लावू दिला नाही. काहीच केलं नाही तर काय होतं, ते मला बघायचं होतं.

"येडी का खुळी ही पोरगी!" आई म्हणाली.

केस बांधलेली काळी पडून गळाली, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. महिन्याभरात तिच्या आजूबाजूला तीन नव्या उगवल्या. चुन्याने नुसती कातडी भाजली.

हे सगळं मजेत चाललं होतं, पण पंचमी आली आणि माझी मजा संपली. आमच्या गल्लीत पोरींच्या फुगड्या रंगायच्या आणि मला कुणी हात देईना. "तुझा हात नको गं," म्हणून एकेक जण मागे सरकली. मी झाडाखाली उभी राहून रडले. तेवढ्यात काकूंची मुलगी, माझ्याच वर्गातली, समोर येऊन उभी राहिली.

"दे हात. फुगडी खेळायचीय का पूजा करायचीय?"

आम्ही इतक्या जोरात फिरलो की दोघीही चिखलात पडलो. त्या दिवसापासून ती मला सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची वाटू लागली. फुगडी म्हणजे ती, असंच ठरून गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत वडील मला जालन्याला, नवीन जालना भागात कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनीही भिंगच काढलं, त्यामुळे ते मला लगेच आवडले. काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या रक्ताच्या बारीक नळ्या, असं त्यांनी सांगितलं. मी प्रश्नांची फैर झाडली. काकूंच्या तान्ह्या बाळाच्या नाकावर पांढरे दाणे आलेत, ते? "आपोआप जातात. दाबायचे न्हाई." आईच्या दंडावर काटा आल्यासारखं बारीक पुरळ कायम असतं, ते? "कातडी कोरडी असती. आंघोळ झाली की मलम लावायचं, घासायचं न्हाई." मी चौथी चामखीळ दाखवली. ती निम्मी झाली होती. लहान मुलांच्या पुष्कळदा अशाच जातात, म्हणून ते हसले.

मग त्यांनी औषधाची बाटली दिली. गरम पाण्यात हात भिजवायचा आणि काडीने फक्त चामखिळीवर लावायचं, दोन-तीन महिने. केस बांधणं, ब्लेड लावणं बिलकुल बंद.

"आणि या येतात कशामुळं?" मी विचारलं.

"विषाणू असतो. तू नखं खाती, तिथून आत शिरला. हाताला हात लागला की दुसऱ्यालाही होती."

परतीच्या गाडीत परतूर स्टेशन येईपर्यंत मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले. म्हणजे मागे सरकलेल्या पोरींचंच बराबर होतं. आणि हे सांगितलं, तर जी एकटी हात देत होती तीही द्यायची नाही.

चार दिवस मी तिला टाळलं. पाचव्या दिवशी तीच दारात आली.

"काऊन रुसली गं?"

मी सगळं सांगून टाकलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग तिने मूठ उघडली. अंगठ्याच्या बुडाशी एक चामखीळ होती, नवी, ज्वारीच्या दाण्याएवढी.

"दसऱ्यालाच आल्ती," ती म्हणाली. "तुला सांगितलं असतं, तर मंग तू हात दिला नसता."

मी आत जाऊन बाटली आणली. काड्या दोन घेतल्या.