रिकाम्या फ्रेमसाठी घेतलेला नेटबुक

काकांनी नवा नेटबुक घेतला आणि घरातला जाणकार म्हणून मला बोलावणं आलं. माझी पात्रता एवढीच, की मी एकदा त्यांचा मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला होता.

"दुकानदार म्हणाला, यात सगळं होतं," काका म्हणाले.

"होतं ना. आज की उद्या, तेवढं विचारायचं राहिलं."

वस्तू तशी गोंडस, लॅपटॉपचं पिल्लूच. वहीएवढी, हलकी, स्वस्तातली. बटणं इतकी दाटीवाटीने की काकांचं एक बोट दोन अक्षरं दाबायचं. तो सुरू होईपर्यंत आमचा चहा पिऊन झाला, कपही धुऊन झाले.

काका फोटो स्टुडिओत टचिंग करायचे. गेलेल्या माणसाचा धड फोटो घरात सापडत नाही. मग कुठल्याशा ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा मोठा करायचा आणि पुसटलेले डोळे बारीक ब्रशने रंगवायचे. चाळीस वर्षं त्यांनी गावभरच्या मेलेल्यांचे डोळे उघडले. आता हात थरथरतो.

सहा महिन्यांपूर्वी काकू गेली. फ्लॅश पडला की तिचे डोळे मिटायचे. लग्नापासून प्रत्येक फोटोत ती झोपलेली. पलंगासमोर काचेसकट फ्रेम टांगलेली होती, रिकामी. नेटबुक त्या फ्रेमसाठी होता.

मी मोबाईलने काकूच्या एका फोटोचा फोटो काढून त्यात चढवला. "डोळे दुसऱ्या कुणाचे तरी घ्यावे लागतील."

"घे कुणाचेही. मी काय ओळखपत्र मागतोय?"

त्यांच्या डब्यात जुन्या कामांच्या प्रती होत्या. वरचीच उचलली, तीही तशीच चढवली. कुणी पोस्टमास्तर, झुपकेदार मिशांचे. त्यांचे डोळे कापून काकूच्या चेहऱ्यावर ठेवले. नेटबुक विचारात पडला. मग चेहरा वरून खाली, पट्टीपट्टीने उमटत आला. कपाळ. भुवया. डोळे.

तसूभरही सरकवावे लागले नाहीत. काकू आमच्याकडे बघत होती.

मी डब्यातली दुसरी प्रत काढली, शाळेतल्या कुणा बाईंची. तिसरी एका पैलवानाची. सगळ्यांना तेच डोळे, उजवा किंचित लहान.

"काका, हे काय?"

काकांनी पैलवानाची प्रत माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "मूळ फोटोत डोळे दिसायचेच नाहीत रे. बघून रंगवायला कुणीतरी समोर लागायचं. हिला खिडकीपाशी बसवायचो. तासन्‌तास. हलू द्यायचो नाही."

मला गावातल्या बैठकीच्या खोल्या दिसायला लागल्या. भिंतीभिंतीवरून, कुणाकुणाच्या मिशांवरून, काकू बघतेय. मी प्रती डब्यात पालथ्या ठेवल्या.

"कंटाळायची बिचारी," काका म्हणाले. "'झालं का हो?' एवढंच विचारायची."

स्क्रीनवरच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसती वाट बघणं होतं.

"मिटलेल्या डोळ्यांचाच लाव फ्रेममध्ये," ते एकदम म्हणाले. "बंद कर हे."

बंद होईना. नेटबुक हँग झाला होता. बाण हलेना, चेहरा जाईना. बटण दाबून धरायला गेलो तर काकांनी माझं मनगट पकडलं.

"असं नको. सांगून करायला हवं."

खुर्ची ओढून ते समोर बसले. हाताची थरथर मांडीखाली दाबली.

"झालं हं," ते म्हणाले. "ऊठ आता."

स्क्रीनवर काही हललं नाही. काकांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.